बोधकथांचे तात्पर्य : शालेय अध्यापनातील रूढी आणि तात्पर्यनिर्णयाचा विचार

प्रस्तावना

मराठीच्या शालेय अध्यापनात बोधकथेचे स्थान जुने व स्थिर आहे. पाठ्यपुस्तके बदलली, अभ्यासक्रमांच्या पुनर्रचना झाल्या, तरी ससा आणि कासव, सिंह आणि उंदीर, मुंगी आणि नाकतोडा ही मंडळी वर्गात येतच राहिली. त्यांच्याबरोबर एक प्रश्नही येत राहिला : 'या कथेतून कोणता बोध मिळतो?' पुढे कथालेखनाच्या प्रकारात मुद्द्यांवरून कथा रचताना शीर्षक आणि तात्पर्य लिहिण्याची सवय विद्यार्थ्याला लावली जाते. या सवयीचा परिणाम असा होतो की, 'गर्वाचे घर खाली', 'एकीचे बळ', 'अति तेथे माती', 'शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ' अशा मोजक्या वाक्यांचा एक संच विद्यार्थ्याजवळ तयार असतो. नवी कथा समोर आली की या संचातील एखादे वाक्य तिच्याखाली लिहिले जाते. उत्तर बरोबर ठरते. कथा मात्र वाचली गेली की नाही, हे त्या उत्तरावरून कळत नाही.

या प्रश्नाला आज नव्याने महत्त्व आले आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये पंचतंत्र, जातक व हितोपदेश यांतील मूळ कथा वाचण्याची संधी मुलांना मिळावी, असे सुचविले आहे. यातील 'मूळ' हे विशेषण विचार करावयास लावणारे आहे. या ग्रंथांच्या मूळ रूपात बोधाची जागा, बोध सांगणारा आणि बोधाचा हेतू हे सर्व शालेय पुस्तकांतील रूपापेक्षा बरेच वेगळे आहे. मूळ कथा वर्गात आणून त्यांखाली जुनेच एकवाक्यी तात्पर्य छापले, तर कथा मूळ राहिली असे म्हणता येणार नाही.

प्रस्तुत लेखात पुढील मुद्द्यांचा विचार करावयाचा आहे : 'तात्पर्य' या संज्ञेचे शालेय रूप कसे घडले, भारतीय कथापरंपरेत बोध कोठे व कसा असतो, मुले कथेतून प्रत्यक्षात काय घेतात, आणि तात्पर्य शोधण्यास शिकवावयाचे तर त्याची रीत काय असावी. बोधकथेचे तात्पर्य हे पाठ करण्याचे वाक्य नसून कथेतील पुराव्यांच्या आधारे करावयाचा निर्णय आहे, अशी या लेखाची भूमिका आहे.

विषय, आशयसूत्र आणि तात्पर्य

वर्गातील गोंधळाचे एक कारण संज्ञांच्या सरमिसळीत आहे. कथेचा विषय, तिचे आशयसूत्र आणि तिचे तात्पर्य या तीन गोष्टी भिन्न आहेत. ससा आणि कासव यांच्या कथेचा विषय शर्यत हा आहे. वेग आणि सातत्य यांचा संबंध, किंवा स्वतःच्या गुणाविषयीची बेफिकिरी, हे तिचे आशयसूत्र म्हणता येईल. 'सावकाश पण सतत काम करणारा यशस्वी होतो' हे तिचे रूढ तात्पर्य. विषय कथेत दिसतो. आशयसूत्र कथेतील घटनांचा परस्परसंबंध पाहून काढावे लागते. तात्पर्य हे त्या सूत्रावरून वाचकाने स्वतःच्या आचरणासाठी केलेले विधान असते. म्हणजे विषयापासून तात्पर्यापर्यंत पोहोचताना वाचकाला दोन पायऱ्या चढाव्या लागतात. शालेय प्रश्न त्याला थेट शेवटच्या पायरीवर उभे करतो.

याच कथेविषयी दुसरीही शंका घेता येते. कासव जिंकले ते सातत्यामुळे, की ससा झोपला म्हणून? ससा झोपला नसता तर कासवाचे सातत्य त्याला जिंकून देऊ शकले नसते. तेव्हा कथेतील निर्णायक घटना कासवाचे चालणे नसून सशाची झोप आहे, असे म्हणण्यास कथेतच आधार सापडतो. ही शंका घेणारा विद्यार्थी खोडसाळ नसून कार्यकारणभाव नीट पाहणारा असतो.

कथेखाली तात्पर्य वेगळे छापण्याची रूढी मराठीत मुद्रणाच्या आरंभकाळापासून येणाऱ्या नीतिकथांच्या पुस्तकांबरोबर दृढ झाली. श्रीरामपूर येथून १८१५ मध्ये हितोपदेशाचा मराठी अनुवाद प्रसिद्ध झाला. मुंबईत सदाशिव काशीनाथ उर्फ बापू छत्रे यांची 'इसापनीतिकथा' व 'बाळमित्र' ही पुस्तके १८२८ मध्ये निघाली. शाळा, मुद्रण आणि नीतिशिक्षण या तिन्ही गोष्टी मराठी समाजात एकाच सुमारास नव्या रूपाने उभ्या राहत होत्या, आणि बोधकथा तिन्हींना सोयीची होती. येथे हेही लक्षात घ्यावे की, इसापच्या नावावर असलेल्या ग्रीक कथांच्या शेवटी आढळणारी बोधवाक्येही बऱ्याच प्रमाणात नंतरच्या संग्राहकांनी व वक्तृत्वाच्या शिक्षकांनी जोडलेली आहेत, असे अभ्यासक मानतात. एकाच कथेखाली निरनिराळ्या संग्रहांत निरनिराळे बोध आढळतात ते यामुळेच. तात्पर्य हा कथेचा अवयव नसून संपादकाचा अभिप्राय आहे, हे विद्यार्थ्याला सांगितले जात नाही.

भारतीय कथापरंपरेतील बोधाची जागा

पंचतंत्राची चौकट सर्वांना परिचित आहे. महिलारोप्य नगरीच्या अमरशक्ती राजाच्या तीन मंदबुद्धी पुत्रांना सहा महिन्यांत नीतिशास्त्रात निपुण करण्याचे विष्णुशर्मा पत्करतो आणि त्यासाठी कथांचा मार्ग स्वीकारतो. येथपर्यंत हा ग्रंथ आपल्या शालेय कल्पनेशी जुळतो. परंतु ग्रंथाच्या आत शिरताच चित्र बदलते. बहुतेक कथा विष्णुशर्मा राजपुत्रांना थेट सांगत नाही; कथेतील पात्रे एकमेकांना सांगतात, आणि ती काही हेतूने सांगतात.

सिंह आणि ससा यांची कथा घ्यावी. भासुरक नावाच्या सिंहाला चतुर ससा विहिरीतील प्रतिबिंब दाखवून मारतो. शालेय पुस्तकात तिचे तात्पर्य 'शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ' असे येते. पंचतंत्रात ही कथा दमनक हा कोल्हा करटकाला सांगतो. पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांची मैत्री आपण बुद्धीच्या बळावर तोडू शकतो, हे पटविण्यासाठी तो ती सांगतो. म्हणजे दुर्बळाने बलाढ्य अत्याचाऱ्यावर मिळविलेल्या विजयाची कथा येथे एका निरपराध बैलाचा घात करण्याच्या समर्थनार्थ वापरली जाते. पुढे संजीवक मारला जातो आणि दमनकाचे स्थान अबाधित राहते. युक्ती श्रेष्ठ खरी. पण कोणाची, कोणाविरुद्ध आणि कशासाठी, हा प्रश्न मूळ ग्रंथ वाचकापुढे ठेवतो. कथा चौकटीबाहेर काढली की हा प्रश्न नाहीसा होतो.

दमनकाला शिक्षा होत नाही ही गोष्ट पुढील काळातील वाचकांनाही खटकली असावी. पंचतंत्र सहाव्या शतकात पहलवी भाषेत आणि तेथून आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फा याच्या लेखणीतून 'कलीला व दिम्ना' या नावाने अरबीत गेले. अरबी ग्रंथात दिम्नाच्या, म्हणजे दमनकाच्या, चौकशीचे व शिक्षेचे एक स्वतंत्र प्रकरण आढळते. ते भारतीय मूळात नाही. सामान्यतः त्याचे कर्तृत्व इब्न अल-मुकफ्फाकडे दिले जाते. कथेचा नैतिक शेवट नीट लावण्याची ही इच्छा आणि आपल्या पाठ्यपुस्तकातील तात्पर्याची चौकट या एकाच जातीच्या गोष्टी आहेत. मूळ ग्रंथाने मात्र तो शेवट मोकळा ठेवला होता.

'अपरीक्षितकारक' या पाचव्या तंत्रात तर कथाच एकमेकींना उत्तरे देतात. लोभामुळे डोक्यावर फिरते चक्र बसलेला एक मित्र आणि त्याला सोडून निघालेला दुसरा मित्र यांच्या संवादात, विद्येच्या बळावर मेलेल्या सिंहाला जिवंत करणाऱ्या व त्याचेच भक्ष्य होणाऱ्या ब्राह्मणांची कथा येते. विद्येपेक्षा व्यवहारबुद्धी श्रेष्ठ, असा तिचा रोख. त्यावर पहिला मित्र शतबुद्धी व सहस्रबुद्धी या माशांची कथा सांगतो. हे बुद्धिमान मासे जाळ्यात सापडतात आणि एकबुद्धी बेडूक वेळीच निसटतो. बुद्धी असूनही दैव प्रतिकूल असेल तर नाश टळत नाही, हे त्याला सुचवावयाचे आहे. त्यालाही पुन्हा प्रत्युत्तर मिळते. एका कथेचा बोध दुसरी कथा खोडून काढते, किंवा निदान त्याला मर्यादा घालते. राजपुत्रांना नीती शिकविण्याची विष्णुशर्म्याची रीत ही अशी वादाची आहे. त्यांना बोधवाक्यांची यादी दिलेली नाही. परस्परविरोधी बोधांपैकी कोणता, कोठे लागू पडतो हे ठरविण्याचा सराव दिलेला आहे.

जातककथांची रचनाही या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. पाली जातकसंग्रहातील कथेत आधी वर्तमानकाळातील प्रसंग येतो, मग त्या प्रसंगावरून बुद्धांनी सांगितलेली पूर्वजन्माची कथा येते, आणि शेवटी त्या कथेतील पात्रे आज कोण आहेत याची जुळणी केली जाते. बोध असतो, पण तो कोणत्या प्रसंगी, कोणाला उद्देशून सांगितला हे वाचकाला ठाऊक असते.

मराठीपुरते पाहावयाचे तर महानुभाव पंथातील 'दृष्टांतपाठ' हा ग्रंथ या बाबतीत मार्गदर्शक ठरतो. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात केसोबासांनी सिद्ध केलेल्या या ग्रंथात ११४ दृष्टांत आहेत. प्रत्येकाची मांडणी सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक अशी तीन अंगांची आहे. सूत्र व दृष्टांत हे श्रीचक्रधरांचे, तर दृष्टांताचा सूत्राशी असलेला संबंध उलगडणारे दार्ष्टांतिक केसोबासांचे, असे मानले जाते. सिद्धांत, कथा आणि उपयोजन या तीन गोष्टी येथे स्पष्टपणे वेगळ्या ठेवल्या आहेत आणि उपयोजन करणारा कथाकाराहून वेगळा आहे. आपल्या शालेय तात्पर्यात सूत्र व दार्ष्टांतिक यांचे एकच वाक्य झाले आणि ते कथेचेच बोलणे म्हणून मुलांपुढे आले. मराठी गद्याच्या आरंभीच्या काळातच जो विवेक दिसतो, तो आपल्या वर्गात राहिलेला नाही, ही खेदाची बाब होय.

मुले कथेतून काय घेतात

बोधकथा मुलांसाठी योग्य आहेत काय, हा प्रश्न युरोपात १८ व्या शतकात गांभीर्याने विचारला गेला. रूसोने 'एमिल' (१७६२) या ग्रंथात ला फोंतेनच्या कथांची, विशेषतः कावळा व कोल्हा या कथेची, ओळीओळीने चिकित्सा केली. त्याचा आक्षेप मार्मिक होता. खुशामतीपासून सावध राहावे हा बोध मोठ्यांना दिसतो. मूल मात्र फसलेल्या कावळ्याला हसते आणि फसविणाऱ्या कोल्ह्याच्या बाजूला जाते. मुंगीच्या कथेत ते मुंगीच्या बाजूचे होते आणि मागायला आलेल्याला नकार देताना वर टोमणाही कसा मारावा, हे शिकते. रूसोचा निष्कर्ष, म्हणजे मुलांना या कथा देऊच नयेत हा, आपण मान्य करण्याचे कारण नाही. परंतु मूल कोणाच्या जागी स्वतःला ठेवते यावर बोध अवलंबून असतो, हे त्याचे निरीक्षण आजही दुर्लक्षिता येत नाही.

लेसिंगने १७५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बोधकथाविषयक निबंधांत वेगळी दिशा सुचविली. विद्यार्थ्यांनी जुन्या कथा मध्येच थांबवाव्यात, पुढे न्याव्यात, एखादी परिस्थिती बदलून पाहावी आणि त्यातून बोध कसा बदलतो ते शोधावे, असे त्याचे म्हणणे होते. स्वतः त्याने कावळा-कोल्ह्याच्या कथेतील खाद्य विषारी केले. खुशामत करून ते मिळविणारा कोल्हाच मरतो. एकच तपशील बदलला आणि संपूर्ण कथेची नैतिक रचना उलटली. कथेतील तपशील व तिचा बोध यांचा संबंध शिकविण्याचा यापेक्षा सोपा पाठ आढळणे कठीण.

अलीकडील मानसशास्त्रीय अभ्यासांनी या विचारांना काही प्रमाणात आधार दिला आहे. डार्शिया नार्वाएझ आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तिसरी व पाचवी इयत्तेतील मुले आणि प्रौढ यांना नैतिक कथा देण्यात आल्या. कथेत अभिप्रेत असलेले नैतिक सूत्र ओळखणे लहान मुलांना लक्षणीय प्रमाणात अवघड गेले. ही क्षमता वयाबरोबर वाढत जाते, असे दिसून आले. कांग ली आणि सहकाऱ्यांच्या २०१४ मधील अभ्यासात ३ ते ७ वर्षे वयाच्या मुलांना प्रामाणिकपणाविषयीच्या प्रसिद्ध कथा सांगितल्या गेल्या. 'लांडगा आला रे आला' या कथेने आणि पिनोकिओच्या कथेने मुलांचे खोटे बोलणे कमी झाले नाही. जॉर्ज वॉशिंग्टन आणि चेरीचे झाड या कथेने मात्र खरे बोलण्याचे प्रमाण वाढले. त्याच कथेचा शेवट बदलून खोटे बोलल्याचा वाईट परिणाम दाखविला, तेव्हा हा प्रभाव उरला नाही. खोट्याच्या शिक्षेपेक्षा खरेपणाचा गौरव मुलांना अधिक पटला, असा याचा अर्थ लावता येतो. निकोल लार्सन, कांग ली व पॅट्रिशिया गानिया यांच्या २०१८ मधील अभ्यासात माणसे पात्र असलेल्या कथेनंतर मुलांच्या वाटून घेण्याच्या वृत्तीत वाढ दिसली. माणसांसारखे वागणारे प्राणी पात्र असलेल्या कथेनंतर ती दिसली नाही.

हे अभ्यास मराठी मुलांवर झालेले नाहीत आणि एकेका वाचनाच्या तात्कालिक परिणामापुरते मर्यादित आहेत. त्यांवरून प्राणिकथा निरुपयोगी ठरत नाहीत. मात्र कथा ऐकविली की बोध आपोआप पोहोचतो, हे आपल्या अध्यापनातील गृहीतक त्यांमुळे शंकास्पद ठरते. मुलाने तात्पर्याचे वाक्य अचूक लिहिले याचा अर्थ ते त्याला उमगले असा होत नाही.

तात्पर्य आणि विद्यार्थ्याचे जगणे

प्रश्न केवळ आकलनाचा असता तर तो पद्धतीच्या सुधारणेने सुटला असता. त्याला एक सामाजिक बाजूही आहे. मुंगी आणि नाकतोडा यांच्या कथेचे रूढ तात्पर्य 'जो वेळेवर कष्ट करतो, त्याला पुढे उपाशी राहावे लागत नाही' असे आहे. महाराष्ट्रातील एखाद्या शाळेत ही कथा शिकविली जात असताना वर्गात ऊसतोड कामगाराचे मूल बसलेले असू शकते. त्याचे आईवडील हंगामभर पहाटेपासून राबतात, तरी घरात वर्षाचा दाणागोटा नसतो. रूढ तात्पर्य त्या मुलाला उलट्या दिशेने असे सांगते की, ज्याच्या घरी धान्य नाही त्याने कष्ट केले नसले पाहिजेत. हे विधान त्याच्या अनुभवाशी विसंगत आहे. त्याने अनुभव बाजूला ठेवून उत्तर लिहिले तर गुण मिळतात. अनुभव मांडला तर उत्तर चुकते. बोध शोधण्याच्या शिक्षणातून त्याने मिळविलेला खरा बोध मग असा होतो की, शाळेतील उत्तर आणि आपले जगणे यांचा संबंध लावायचा नसतो.

कथेची दुसरीही बाजू आहे. नाकतोडा उन्हाळाभर गात होता. गाणे हे काम आहे की नाही, त्या गाण्याने मुंग्यांचे श्रम हलके झाले की नाही, हे कोणी विचारत नाही. लोककलावंतांची मोठी परंपरा असलेल्या समाजात हा प्रश्न वर्गात उपस्थित व्हावयास हवा.

काही कथांना तर उपदेशाचा साचा लागूच पडत नाही. लांडगा आणि कोकरू यांच्या कथेत कोकरू लांडग्याच्या प्रत्येक आरोपाला योग्य उत्तर देते आणि तरीही खाल्ले जाते. 'यातून तुम्ही काय शिकाल?' या प्रश्नाला येथे कोणते उत्तर द्यावे? बलवानाला अन्यायासाठी केवळ निमित्त हवे असते, हे या कथेचे आशयसूत्र आहे. ते वर्तनाचा नियम सांगत नाही, सत्तेचे स्वरूप दाखविते. इसाप हा गुलाम होता असे हिरोडोटसने नोंदविले आहे. या कथांकडे दुर्बळाच्या दृष्टीने पाहण्यास ही परंपरा पुरेसे कारण देते. अशा कथेखाली 'दुष्टांपासून दूर राहावे' असे लिहिले की कथेतील अन्यायाची जबाबदारी नकळत कोकरावर येते.

तात्पर्यनिर्णय : एक अध्यापनविचार

मग मुलांना तात्पर्य शोधण्यास शिकवूच नये काय? तसे नव्हे. उलट, ते खऱ्या अर्थाने शोधावयास शिकवावे. यासाठी 'तात्पर्य' या संज्ञेचाच मूळ शास्त्रीय संदर्भ उपयोगी पडतो. मीमांसा व वेदान्त यांच्या परंपरेत ग्रंथाचे तात्पर्य ठरविण्यासाठी सहा लिंगे, म्हणजे गमके, सांगितली आहेत : उपक्रम व उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती. आरंभ व शेवट काय आहे. पुनःपुन्हा काय येते. अन्यत्र न कळणारे असे काय येथे सांगितले आहे. परिणाम काय होतो. स्तुती वा निंदा कशाची केली आहे. आणि युक्तिवादाचा आधार कोणता, या सहा अंगांनी तपासून तात्पर्याचा निर्णय होतो. म्हणजे ज्या परंपरेतून हा शब्द आला, तिच्यात तात्पर्य हे सिद्ध करावे लागते.

ब्राह्मण, त्याची पत्नी आणि मुंगूस यांच्या पंचतंत्रातील कथेला ही गमके लावून पाहू. ब्राह्मणीने मुंगसाच्या पिलाला पोटच्या मुलासारखे वाढविले आहे. पाणी आणावयास जाताना ती मुलाला पतीच्या हवाली करते. पतीही भिक्षेसाठी निघून जातो. साप येतो, मुंगूस त्याला मारते आणि रक्ताळलेल्या तोंडाने तिला सामोरे जाते. त्याने मुलाला खाल्ले असे समजून ती पाण्याची घागर त्याच्यावर टाकते आणि त्याला ठार करते. आत मूल सुखरूप असते. 'विचार न करता कृती करू नये' हे या कथेचे प्रचलित तात्पर्य.

उपक्रम पाहिला तर वेगळी गोष्ट लक्षात येते. प्रचलित पंचतंत्रात आरंभीच सांगितले आहे की, ब्राह्मणीने मुंगसाला वाढविले खरे, पण हा प्राणी आपल्या जातीच्या दोषाने कधीतरी मुलाला अपाय करील, ही शंका तिच्या मनात कायम होती. तेव्हा घागर टाकली गेली ती केवळ त्या क्षणीच्या घाईने नव्हे. निवाडा आधीच तयार होता. रक्त हे त्याला मिळालेले निमित्त. उपसंहारात ब्राह्मणी पतीला दोष देते की, त्याने लोभाने घर सोडले म्हणून हे घडले. येथून लोभाविषयीची पुढील कथा सुरू होते.

अभ्यास, म्हणजे पुनरावृत्ती, पाहिली तर मुलाला सोडून जाण्याची क्रिया दोनदा घडते. राखण करणारा प्रत्येक वेळी मुंगूसच उरतो. अपूर्वता या गमकाने कथेचा गाभा सापडतो. घाई करू नये हे आपल्याला कथेवाचूनही ठाऊक असते. निष्ठेचा पुरावा असलेले रक्तच अपराधाचा पुरावा म्हणून वाचले गेले, हे मात्र या कथेनेच दाखविले. फल पाहता मूल वाचते आणि वाचविणारा मरतो. अर्थवादाच्या दृष्टीने निंदा कोणाची होते? ब्राह्मणी पतीची निंदा करते, परंतु कथेतील घटनांचा ओघ तिच्याही संशयाकडे बोट दाखवितो. उपपत्ती म्हणून खोलीतील सापाचे तुकडे पुरेसे आहेत. ते आधी पाहिले असते तर मुंगूस जगले असते.

या विवेचनातून 'घाई करू नये' हे तात्पर्य खोटे ठरत नाही. ते अपुरे ठरते. 'जन्मावरून आधीच ठरविलेला दोष पुराव्याचा अर्थ बदलून टाकतो' हे तात्पर्य कथेतील अधिक तपशिलांचा उलगडा करते, म्हणून ते अधिक ग्राह्य मानावे लागते. जातीवरून माणसांना तोलण्याचा दीर्घ इतिहास असलेल्या आपल्या समाजात, ज्या कथेतून हे तात्पर्य निघू शकते तिला घाईच्या उपदेशापर्यंत आक्रसून टाकणे हे केवळ वाङ्मयीन नुकसान नव्हे. हितोपदेशातील रूपांतरात मुंगसाला मारणारा स्वतः ब्राह्मण आहे, हेही विद्यार्थ्यांपुढे ठेवता येईल. दोन रूपे शेजारी ठेवून 'मारणारा बदलला तर दोष कोणाकडे जातो?' असे विचारले, की लेसिंगला अभिप्रेत असलेला सराव आपल्याच परंपरेतील साहित्यातून घडतो.

प्राथमिक वर्गात या पारिभाषिक संज्ञांची आवश्यकता नाही. 'गोष्टीच्या सुरुवातीला कोणाच्या मनात काय होते? कोणती गोष्ट दोनदा घडली? शेवटी कोणाला काय मिळाले? गोष्ट मुंगसाने सांगितली असती तर कशी सांगितली असती? तू म्हणतोस ते गोष्टीत कोठे आहे?' इतके प्रश्न पुरेसे आहेत. यांतील शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण मत आणि आधार असलेले मत यांतील भेद मूल त्यातून शिकते.

दोन आक्षेप

या विचारावर एक आक्षेप असा येईल की, अशा रीतीने प्रत्येक विद्यार्थी स्वतःचे तात्पर्य काढील आणि सर्वच उत्तरे बरोबर मानावी लागतील. वस्तुतः गमकांची कसोटी ही मोकाट अर्थनिर्णयाला आवर घालण्यासाठीच आहे. मुंगसाच्या कथेचे तात्पर्य 'प्राणी पाळू नयेत' असे कोणी सांगितले तर फल व उपपत्ती यांच्या आधारे ते नाकारता येते, कारण मूल वाचले ते मुंगूस पाळले होते म्हणूनच. मीमांसकांना अभिप्रेत असलेले एकमेव तात्पर्य प्रत्येक बोधकथेत सापडेलच असे नाही, ही या पद्धतीची मर्यादा मान्य केली पाहिजे. तरीही सिद्धांतापूर्वी पूर्वपक्ष नीट मांडण्याची त्यांची शिस्त वर्गात उतरविता येते.

दुसरा आक्षेप मूल्यशिक्षणाच्या बाजूने येईल. कोवळ्या वयात मुलांना वादापेक्षा निश्चित संस्कारांची गरज असते, असे म्हटले जाते. सत्य, दया, श्रम यांची निश्चित शिकवण मुलांना मिळाली पाहिजे, यात दुमत नाही. ती प्रत्यक्ष वागणुकीतून आणि स्पष्ट शब्दांत द्यावी. परंतु एखादे मूल्य शिकविण्यासाठी कथेला तिच्यात नसलेले बोलावयास लावणे, हा त्या मूल्यांपैकी सत्याचाच भंग होय. मूल्यमापनापुरते बोलावयाचे तर तात्पर्याच्या वाक्याला असलेले काही गुण त्याच्या आधारासाठी राखून ठेवणे अवघड नाही. 'तात्पर्य लिहा' या सूचनेला 'आणि कथेतील दोन घटनांच्या आधारे ते स्पष्ट करा' एवढी जोड दिली तरी पाठांतराला आळा बसू शकेल.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. कथेखाली छापलेले एकवाक्यी तात्पर्य हे बोधकथेचे नैसर्गिक अंग नसून संपादन व शालेय व्यवहार यांनी दृढ केलेली रूढी आहे. पंचतंत्र, जातक व दृष्टांतपाठ या ग्रंथांत बोधाला सांगणारा, ऐकणारा आणि प्रसंग असतो. पंचतंत्रात तर एक बोध दुसऱ्याने तपासला जातो. मुले मोठ्यांना अभिप्रेत असलेला बोध घेतीलच असे नाही, आणि काही रूढ तात्पर्ये विद्यार्थ्याच्या जगण्याशी थेट विसंगत असतात. षड्लिंगांवर आधारित तात्पर्यनिर्णयाची रीत सोप्या प्रश्नांच्या रूपाने प्राथमिक स्तरापासून वापरता येण्याजोगी आहे.

मूळ कथा शाळेत आणण्याचे धोरण स्वागतार्ह आहे. त्याची अंमलबजावणी करताना पाठ्यपुस्तकांच्या संपादकांनी कथेची चौकट, सांगणारे पात्र व सांगण्याचा प्रसंग शक्य तेथे कायम ठेवावा आणि कथेखालील तात्पर्याची जागा विद्यार्थ्यांसाठी मोकळी सोडावी. ती जागा आधाराने कशी भरावयाची हे शिकविण्याचे काम शिक्षकाचे आहे, आणि त्यासाठी अध्यापक विद्यालयांतील मराठीच्या अध्यापनपद्धतीत तात्पर्यनिर्णयाला स्वतंत्र स्थान मिळणे आवश्यक आहे.